होकानची बर्फावरची नोकरी

ट्रॉय, मिशिगन
रविवार, १४ ऑक्टोबर २००७

आदरणीय सरलाताईंना,

मालिनीचा वाकून नमस्कार. (वाकले आहे असं समजा. खरोखर वाकले तर उठवायला केदारला ऑफिसातून बोलवावं लागेल.)

तुमचं पत्र घटस्थापनेच्या दिवशी पोचलं. उपाशीपोटी शुगर एकशे नव्वद, आणि पुढे कंसात तुम्ही लिहिता, 'थोडीशी वाढली आहे'. आपल्या वॉर्डात एखादा पेशंट असं 'थोडीशी' म्हणाला असता तर तुम्ही त्याची सगळ्या खाटांसमोर कशी हजेरी घेतली असती, ते डोळ्यांसमोर आलं आणि मी एकटीच हसले. सुनेला विचारून दसऱ्याचं श्रीखंड खा, म्हणजे ती नाही म्हणेल. गुडघ्याचा पट्टा केदारच्या ऑफिसातला एकजण नागपूरला येतोय त्याच्याबरोबर पाठवते आहे. तो अकोल्याला पोचवणार आहे. आमच्याकडे सगळे ठीक. केदार गाड्यांच्या आतले कॉम्प्युटर करतो, म्हणजे नेमकं काय करतो ते मला दोन वर्षांत कळलेलं नाही. अदितीला नवा जॉब लागलाय. माझं बीपी ताब्यात आहे.

तुम्ही विचारलंय की तिथे दिवसभर करतेस काय. याआधी दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी 'मजेत आहे' असं लिहून पुढच्या ओळीत हवा कशी आहे ते लिहिलं. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस तुमच्या हाताखाली, म्हणजे तुमच्या लक्षात आलंच असणार की मालिनी हवेबद्दल बोलायला लागली म्हणजे काहीतरी दडवते आहे. तर या वेळी सगळं लिहिते. आमच्या शेजाऱ्याबद्दल लिहिते. पत्र लांबेल. चष्मा लावून, पाय वर घेऊन बसा.

त्याचं नाव होकान. आडनाव एडलुंड, पण ते सोडून द्या. तो हॉकी खेळायचा, बर्फावरची. हॉकी खेळणाऱ्याचं नाव होकान, हे मला पहिले सहा महिने टोपणनावच वाटत होतं. राहायला आमच्या भिंतीला भिंत लावून. मी इथे आले त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडल्यावर, कचऱ्याची पिशवी घेऊन मी मोज्यांवर चप्पल घालून पायऱ्या उतरले आणि तिसऱ्या पायरीवरून जी निघाले ती थेट केदारच्या गाडीखाली पाय घालून थांबले. पडल्या पडल्या आधी खुब्याचं हाड चाचपून पाहिलं (शाबूत), मग मनगट (शाबूत), मग आजूबाजूला कुणी बघतंय का ते. एक धिप्पाड माणूस बघत होता. त्या थंडीत अर्धी चड्डी घालून उभा. त्याने येऊन मला दोन्ही काखांत हात घालून उचललं आणि एखादी छत्री कोपऱ्यात उभी करावी तसं दारात उभं केलं. तेव्हा जवळून बघितलं. समोरचे तीन दात नाहीत, नाक दोनदा मोडून कसंतरी बसलेलं, भुवईवर टाके, आणि टाकेही कुणीतरी घाईघाईत घातलेले. मला वाटलं हा मारामारी करून आलाय. तसा तो आलाच होता, फक्त पगारी मारामारी होती.

मी म्हटलं, "थँक यू. आय ॲम सिस्टर मालिनी." ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, नुसतं मालिनी तोंडातून येतच नाही. इथे त्या सवयीने फार घोळ झालेत. आमच्या इमारतीच्या ऑफिसातली बाई मला ख्रिस्ती जोगीण समजली, आणि केदार 'माय मदर' म्हणाला तेव्हा तिने जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. पण होकानला एका क्षणात समजलं. त्यांच्या देशातही जुने लोक नर्सला सिस्टरच म्हणतात. 'स्यूस्तेर' असं काहीतरी. त्याने माझे हात बघितले, हसला (दात नसल्यामुळे ते हसू लहान बाळासारखं दिसायचं) आणि म्हणाला, "स्यूस्तेर. हॉस्पिटल." अमेरिकेत येऊन महिना झाला होता आणि त्या महिन्यात मी केदारची आई, अदितीची सासू, शेजारची म्हातारी असं सगळं झाले होते. सिस्टर म्हणून ओळखणारा हा पहिला. ताई, मी घरात जाऊन चहा टाकला आणि थोडी रडले. खुबाही दुखत होता.

आमचं जमलं ते इंग्रजीमुळे. दोघांनाही ते सारखंच परकं, त्यामुळे कुणाला घाई नसायची. एक वाक्य बोलून आम्ही चहाचा घोट घ्यायचो, मग दुसरं. मी त्याला पहिले दोन आठवडे घड्याळं आणि चॉकलेटबद्दल विचारत होते आणि तोही बिचारा "येस, व्हेरी गुड वॉचेस" म्हणत होता. मग अदितीने नकाशा काढून दाखवलं की स्वित्झर्लंड वेगळं आणि स्वीडन वेगळं. दुसऱ्या दिवशी माफी मागितली तर म्हणाला, अमेरिकेत चार वर्षं सगळे हेच करतायत, सवय झालीये.

त्याची सगळी कर्मकहाणी मला अशी चहाच्या घोटाघोटाने कळली. त्याचं गाव स्वीडनच्या पार उत्तरेला. कागदाचा कारखाना, नदी, आणि वर्षातले सहा महिने त्या नदीचा बर्फ. वडील कारखान्यात. चालायला लागला त्या वर्षीच पायाला बर्फावर घसरायची पाती बांधली. आपल्याकडे पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात तसं तिथे हे. गावच्या क्लबकडून खेळला, मग मोठ्या शहराच्या, आणि सत्ताविसाव्या वर्षी अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगचं बोलावणं आलं. ते २००१ चं सप्टेंबर. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दहा दिवसही झाले नव्हते, आणि हा साडेसहा फुटी माणूस बॅगेत बुटांना जोडलेली दोन लांब धारदार पाती घेऊन विमानतळावर उतरला. पाठीमागे बायको कारीन, तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी टूवा. चार तास बसवून ठेवलं. त्याला इंग्रजीत 'मी बर्फावर पळतो' एवढंच सांगता येत होतं.

त्या हिवाळ्यात तो मोठ्या लीगमध्ये अकरा मॅच खेळला आणि एक गोल केला. (तोही त्याने मारला नव्हता. दुसऱ्या कुणीतरी मारलेली चकती याच्या पाठीला लागून आत गेली. पण कागदावर नाव याचं आहे, आणि कागद महत्त्वाचा, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको.) मग त्याला खाली पाठवलं. त्यांच्याकडे मोठ्या लीगच्या खाली एक, तिच्या खाली आणखी एक, अशा उतरंडी असतात. आणि बदल्या! ताई, आपल्याकडे बदलीची ऑर्डर निघाली की आपण किती धावाधाव करायचो, मुलांच्या शाळेचं वर्ष, सासूचं आजारपण, काहीबाही कारणं लिहून द्यायचो. इथे सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात हजर. चार वर्षांत पाच गावं झाली. टूवा चार वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी तिला घराचं चित्र काढायला सांगितलं, तर तिने लिफ्ट काढली, हॉटेलची. त्या आठवड्यात कारीन तिला घेऊन स्वीडनला परत गेली. भांडण झालं नाही, होकान सांगायचा. त्यानेच बॅगा भरून दिल्या.

एकदा त्याचं नशीब उघडणार होतं. २००४ साली तो फार छान खेळला आणि मोठ्या टीमने पुन्हा बोलावलं. आणि त्याच वर्षी मालक आणि खेळाडूंचं भांडण होऊन मोठी लीगच बंद पडली, वर्षभर एकही मॅच नाही. संप आपणही पाहिलेत. चोपन्न दिवसांचा तो मोठा संप संपल्यावर आपापल्या वॉर्डात गेलो तर आपल्या खुर्च्या तिथेच होत्या. याची खुर्ची नव्हती. वर्षभराने लीग उघडली तेव्हा तो एकतिसाचा झाला होता आणि त्याच्या जागी एकोणीस वर्षांची मुलं उभी होती. मग तो आमच्या इथल्या टीमकडे आला. उतरंडीतली सगळ्यात खालची. टीमचं नाव अ‍ॅन्व्हिल्स, म्हणजे ऐरणी. 'हातोडे' का ठेवलं नाही असं मी विचारलं, तर म्हणाला, आमची एक मॅच बघा म्हणजे कळेल.

बघितली. त्याने तिकिटं दिली म्हणून आम्ही तिघं गेलो. मी नऊवारीइतकी जड काठापदराची साडी, वर दोन स्वेटर, कानटोपी. तुम्हाला खेळ समजावून सांगत नाही, कारण मलाही समजलेला नाही. बर्फावर एक काळी रबराची चकती असते, ती कुणालाच दिसत नाही आणि सगळे तिच्यामागे धावतात. दंगा केला तर एका काचेच्या खोलीत दोन मिनिटं बसवून ठेवतात. (आपल्या वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांसाठी अशी एक खोली हवी होती.) पहिल्या वीस मिनिटांत समोरचा एक मुलगा काचेवर डोकं आपटून पडला आणि हालेना. आणि खेळ चालूच! मला राहवलं नाही. मी पायऱ्या उतरून थेट काचेपाशी गेले आणि दोन्ही हातांनी काच बडवत ओरडले, "अरे त्याची मान हलवू नका! मान!" मराठीतच. लोकांना वाटलं ही फार कट्टर चाहती आहे. कुणीतरी कॅमेरा वळवला आणि छताला टांगलेल्या मोठ्या पडद्यावर मी, कानटोपीसकट, काच बडवताना. सगळं स्टेडियम माझ्यासारखी काच बडवायला लागलं. केदारने मॅच संपेपर्यंत टोपी डोळ्यांवर ओढून ठेवली होती. होकान दुसऱ्या दिवशी म्हणाला, एकवीस वर्षं खेळतोय, मानेची काळजी करणारा प्रेक्षक पहिल्यांदा पाहिला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले तिथे येते.

या वर्षी जानेवारीत होकानला डोक्याला मार बसला. मी मॅचला नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो चहाला आला आणि त्याने दूध कपाच्या शेजारी ओतलं, टेबलावर, शांतपणे, कप भरल्यासारखं. मी फडक्याने टेबल पुसलं. मग म्हणाला, सिस्टर, मार्चमध्ये टूवा येणार आहे. मी म्हटलं, अरे वा. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाला, सिस्टर, तुम्हाला सांगितलं का, मार्चमध्ये टूवा येणार आहे. खिडकीतून बर्फावरचं ऊन येत होतं, त्याकडे त्याने पाठ केली होती. मी विचारलं, ओकारी झाली का? दोनदा, म्हणाला. ताई, आपण कॅज्युअल्टीत अशा किती रात्री काढल्यात. मला टॉर्चचीसुद्धा गरज नव्हती, तरी केदारचा टॉर्च आणून डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणाला, टीमच्या ट्रेनरने तपासलंय, पास झालोय. (पुढे कळलं की त्यांची तपासणी छापील कागदावरची होती, दर वेळी तेच प्रश्न, आणि उत्तरं सगळ्या टीमला पाठ.)

मग तो टूवाबद्दल बोलला. उन्हाळ्यात तो दरवर्षी गावी जायचा, तिला भेटायचा, पण उन्हाळ्यात बर्फ नसतो. वडिलांना खेळताना बघितल्याचं तिला काही आठवत नव्हतं. वर्गातलं कुणीतरी तिला म्हणालं होतं की तुझा बाबा हॉकी खेळत नाही, तो अमेरिकेत दुकानात काम करतो. तिने फोनवर होकानला विचारलं की खरं काय आहे. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात, त्यांच्याकडे शाळेला हिवाळी सुट्टी असते तेव्हा, कारीन तिला घेऊन येणार होती. तोवर टीममध्ये टिकायचं. नंतर सोडायचंच होतं.

तो म्हणाला, "सिस्टर, सहा आठवडे. कुणाला सांगू नका."

मी अट घातली. रोज सकाळी न्याहारीनंतर माझ्या स्वयंपाकघरात तपासणी. ज्या दिवशी नापास होशील त्या दिवशी मी जाऊन सांगणार. त्याने हात पुढे केला आणि आम्ही हात मिळवले. माझा हात त्याच्या पंजात सुपारीएवढा दिसत होता.

ते सहा आठवडे, ताई, खरं सांगायचं तर मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा जिवंत होते. सकाळी साडेआठला घंटी. बाहुल्या, नाडी, डोळे मिटून नाकाला बोट, फरशीच्या रेघेवरून टाचेला टाच लावून चालणं (त्याचं पाऊल एवढं मोठं की तीन पावलांत फ्रीज यायचा). मग मी तीन शब्द द्यायचे, रोज नवे, मराठी, म्हणजे आधी पाठ असायचा प्रश्नच नाही. पाच मिनिटांनी परत विचारायचे. तोवर मी पोहे परतायची. तांब्या, कंदील, जांभूळ. खुंटी, पातेलं, मोर. साडेसहा फुटांचा तो माणूस छोट्या स्टुलावर बसून डोळे मिटून 'पातेलं' घोकायचा. फेब्रुवारीत कधी तिन्ही सांगायचा, कधी दोन. दोन आले की मी त्याला ढकलून पास करायची, आपल्याकडे तोंडी परीक्षेत करायचे तसं. केदार ऑफिसला जाता जाता बघायचा आणि म्हणायचा, "आई, धिस इज नॉट ओके. इथे लायसन्स लागतं अशा गोष्टींना. उद्या काही झालं तर?" अदिती म्हणायची, अरे पोहे खायला येतो तो, खाऊ दे.

मग त्या दोघी आल्या, शुक्रवारी संध्याकाळी, आणि शनिवारी मॅच होती. होळीचा दिवस. मी पुरणपोळ्या करून डब्यात घातल्या होत्या. टूवा आठ वर्षांची, पांढरे केस, एकही शब्द बोलेना. माझ्या आणि कारीनच्या मधे बसली. होकान बर्फावर आला तेव्हा तिने कारीनची बाही धरली आणि सोडलीच नाही. ताई, तो इतका मोठा, अवजड माणूस, पायऱ्या चढताना धापा टाकणारा, बर्फावर नुसता तरंगत होता. मला तोवर खेळ कळला नव्हता पण ते कळलं. तिसऱ्या भागात एकाने त्याला काचेवर दाबलं, जरा आपटला, पण उठला. ऐरणी जिंकल्या. तो आमच्या समोर आला, काचेवर हातमोजा टेकवला, आणि टूवा पायऱ्या उतरून गेली आणि तिने पलीकडून हात टेकवला. परत येऊन कारीनला स्वीडिशमध्ये काहीतरी म्हणाली. कारीनने मला सांगितलं, ती म्हणतेय, दुकान नाहीये.

आणि सोमवारी सकाळी मला कळलं. मी पोहे परतून वळले, शब्द विचारले, तर त्याने हात टेबलाखाली नेला आणि खाली बघितलं. मी मनगट धरून हात उलटा केला. तळहातावर निळ्या पेनने तिन्ही शब्द लिहिलेले, त्यांच्या लिपीत. माझी पाठ वळली की लिहायचा. मी गॅस बंद केला. अदितीला फोन केला, ती जेवणाच्या सुट्टीत आली, आणि तिने मला अ‍ॅन्व्हिल्सच्या ऑफिसात नेलं. केदारला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. त्यांचा ट्रेनर बारीकसा माणूस, मी बोलत असताना त्याचे कान लाल लाल होत गेले. मी सांगितलं, एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स, हेड इंज्युरीच्या केसेस तुम्ही मोजल्या नसतील इतक्या. त्याने त्याच दुपारी होकानला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हा पहिला मार नाही, पाचवा-सहावा असेल. आता खेळणं बंद. कायमचं.

टूवाची उरलेली सुट्टी अशी गेली की होकान पडदे ओढून आतल्या खोलीत पडलेला आणि ती माझ्या स्वयंपाकघरात पुरणपोळीवर लोणी लावून खात बसलेली. मला स्वीडिश येत नाही, तिला इंग्रजी येत नाही. मी तिच्या वेण्या घातल्या. कारीनने निघताना मला मिठी मारली आणि जीव वाचवल्याबद्दल आभार मानले. होकान मात्र माझ्याशी जवळजवळ दोन महिने बोलला नाही. भिंतीपलीकडे पाणी पडायचं, कपाट उघडायचं, एवढंच कळायचं. चहाचे दोन कप काढायची सवय मोडायला मला एप्रिल लागला.

एप्रिलच्या शेवटी तो गेला. जायच्या दिवशी सकाळी दारात येऊन उभा राहिला. बारीक झाला होता. मी आत ये म्हटलं तर मान हलवली. थँक यू सिस्टर म्हणाला, घराची किल्ली ऑफिसात देण्यासाठी माझ्या हातात ठेवली आणि टॅक्सीत बसला. काळा चष्मा लावला होता, आभाळ भरून आलेलं असताना.

मागच्या महिन्यात कारीनचं पत्र आलं. तो गावी आहे, त्याच्या आईकडे. काही दिवस बरा असतो, काही दिवस नसतो. भावाच्या रोपवाटिकेत सकाळी दोन तास काम करतो, मग डोकं दुखायला लागतं. टूवाने आता हॉकी शिकायला सुरुवात केलीये. तो तिला रोज बर्फाच्या बंदिस्त मैदानावर सोडायला जातो. आतले दिवे आणि आवाज सहन होत नाहीत म्हणून बाहेर गाडीत बसून राहतो, आणि ती घामेजून बाहेर आली की आज काय काय झालं ते तिच्याकडून ऐकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारतो, काल काय झालं. ती पुन्हा सगळं सांगते. कंटाळत नाही, असं कारीन लिहिते.

तर असं माझं चाललंय. शेजारी आता एक तेलुगू जोडपं आलंय, फार चांगली आहेत. हवा बदलायला लागली आहे. तुम्ही गोड बंद करा आणि सकाळची गोळी जेवणाआधी घ्या, नंतर नाही. सुलभा सिस्टर भेटल्या तर माझी आठवण सांगा. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद आणि तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
मालिनी वानखडे

ता.क. पट्टा दिवसा लावायचा, झोपताना काढायचा. तुम्ही रात्रंदिवस लावून ठेवाल आणि मग पायाला मुंग्या येतात म्हणून मला लिहाल, म्हणून आधीच सांगते.

ता.क. २. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. वर मी सोमवार लिहिलाय. तो सोमवार नव्हता, ताई. हातावर लिहिलेलं मी शुक्रवारी सकाळी बघितलं. दुपारी त्याला विमानतळावर जायचं होतं, दाढी करून, नवा शर्ट घालून आला होता. मी हात उलटा केला, वाचलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने हळूच मूठ मिटली. मी म्हटलं, "पास." आणि पोहे वाढले. शनिवारी तिसऱ्या भागात तो जरा आपटला असं मी वर लिहिलंय. जरा नव्हता आपटला. उठला तेव्हा आधी दुसऱ्याच टीमच्या बाकाकडे निघाला होता, मग वळला. मी बघितलं. माझ्या आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते आणि मीही वाजवल्या. सोमवारीसुद्धा हातावर शब्द लिहिलेले होते, पण सोमवारी त्याने आपल्या हाताकडे बघून मलाच विचारलं, सिस्टर, हे काय लिहिलंय? तेव्हा मी गॅस बंद केला. शेवटच्या माराने किती गेलं आणि आधीच किती गेलं होतं, ते स्कॅनच्या कुठल्याही फिल्मवर दिसत नाही, मी डॉक्टरांना विचारलं. आणि दारात तो नुसतं थँक यू नाही म्हणाला. "थँक यू फॉर फ्रायडे" म्हणाला.

ता.क. ३. एक काम आहे तुमच्याकडे. इथे माझ्यावर कुणी रागवत नाही. कारीन आभार मानते, अदिती सगळ्या मैत्रिणींना सांगते की आमच्या आईंनी एकाचा जीव वाचवला, केदारनेसुद्धा गणपतीत सगळ्यांसमोर कौतुक केलं. होकान तर थँक यू म्हणाला. तुम्ही आमच्या मेट्रन होतात आणि तुम्ही कुणाची भीड ठेवली नाहीत. मला रीतसर मेमो लिहून पाठवा. तारीख शुक्रवार, २ मार्च घाला. काय चुकलं ते स्पष्ट शब्दांत लिहा, वयाचा विचार करू नका. पाकिटावर केदारचं नाव नको, माझं घाला. नावामागे 'सिस्टर' लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.